निळी वही

मंडळी, परवा कपाट आवरताना ह्यांची निळी वही हाती लागली. आमच्या विमानप्रवासाच्या पॉइंटांचा हिशोब!

मुलगा न्यू जर्सीत, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी मुंबई-न्यूअर्क वारी ठरलेली. एका बाजूचं अंतर पावणेआठ हजार मैलांच्या आसपास. घरी परतलो की बॅगा उघडण्याआधी हे वही उघडायचे. एकच इच्छा, एकदा तरी दोघांनी पुढच्या रुंद खुर्च्यांत पाय पसरून जायचं.

१९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने अशी योजना आणली आणि मग इतरांनीही ती उचलली. हिशोब सोपा होता, जितकं अंतर तितके मैल. स्वस्तातलं तिकीट काढून लांब जाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या ते पथ्यावर पडायचं. पण २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने अंतर सोडून तिकिटाच्या पैशांवर मैल द्यायला सुरुवात केली. २०२४ मध्ये एअर इंडियाही त्याच वाटेने गेली. म्हणजे ऑफिसच्या खर्चाने फिरणाऱ्या साहेबाला ओंजळभर, आणि चार महिने आधीपासून स्वस्त तिकीट शोधणाऱ्या आजीला चिमूटभर!

शिवाय कंपन्या हे पॉइंट बँकांना विकतात आणि बँका ते क्रेडिट कार्डावर वाटतात. पॉइंट उदंड, पुढच्या खुर्च्या मात्र मोजक्याच. मग भाव चढणारच. आम्ही जवळ पोचलो की लागणारा आकडा आणखी पुढे सरकलेला असायचा. वहीत ह्यांनी जुना आकडा खोडून नवा लिहिलाय, तीन वेळा. आमची कंपनी कोणती ते सांगत नाही, सगळे एकाच माळेचे मणी.

मी शाळेत बरीच वर्षं संचयिका सांभाळली. चार आणे, आठ आणे आणणाऱ्या मुलांना सांगायचे, "आज खाऊ नका, साठवा, वाढेल." आणि त्यांचा पैसा न् पैसा व्याजासकट परत मिळायचा. हे पॉइंटही मी तसेच समजत होते. पण ती ठेव नव्हतीच. देणारे तेच, भाव ठरवणारे तेच आणि मुदत संपवणारेही तेच.

मग ह्यांचे गुडघे गेले आणि लांबचा प्रवास बंद झाला. तीन वर्षं फिरलो नाही म्हणून सगळे पॉइंट बाद. वहीच्या शेवटच्या पानावर ह्यांनी शून्य लिहून खाली पट्टीने दोन रेघा ओढल्यात, खातं बंद करतात तशा. मला तेव्हा काही बोलले नव्हते.

असो. नात आता नोकरीनिमित्त सारखी विमानाने फिरते. काल फोनवर तिला म्हटलं, "बाळा, पॉइंट साठवत बसू नकोस. जमले की लगेच वापर, आणि शक्यतो कुणाला तरी सोबत घेऊन जा."

जन्मभर मुलांना याच्या उलट शिकवलं मी!