गार मलमाचा ताप

एकोणिसाव्या शतकात मुंबईत 'गोवा पावडर' नावाची एक पूड नायट्यावर नावाजलेली होती. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून ती लावत. नाव गोव्याचे, माल ब्राझीलचा. बाहियाच्या जंगलातल्या अरारोबा झाडाच्या खोडात ती सापडे आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून इकडे येई. हे मूळ 1870च्या दशकात उघड झाले. त्याच सुमारास लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली, आणि तिच्यातल्या क्रायसारोबिनचा माग काढत 1916 साली सोरायसिसचे औषध डायथ्रॅनॉल आले. पूड कातडीला झोंबे, कपड्यांवर न जाणारे डाग पाडी. पण नायटा हटवी.

आज गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडचे पेशंट माझ्यासमोर पिशवीतून नायट्यावरची जी चेपलेली ट्यूब काढतात, ती मुळीच झोंबत नाही. माझी तक्रार तीच. आत बुरशीनाशक असते, बॅक्टेरियावरचे औषध असते आणि जोडीला क्लोबेटासोलसारखे जबरदस्त स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. लाली म्हणजे शरीराने बुरशीशी मांडलेले भांडण. ते स्टिरॉइडने मिटवले की बुरशीला रान मोकळे. "लायलां काय बरां वाटता, सोडलां काय परत येता," असे पेडण्याचे पेशंट सांगतात तेव्हा अर्धे निदान त्यांनीच केलेले असते. 2018 साली केंद्राने स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ट्यूब मिळते. शेजारणीकडूनही मिळते.

अशा चट्ट्याची ओळख बुजते. गोल, खवलेदार कडा विरते, वर्तुळात वर्तुळ दिसते, जांघेत कायमचे ताणाचे पट्टे उमटतात. मग ब्लेडने कडेचे खवले खरवडून काचेवर घ्यायचे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, थोडे थांबायचे. पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकात लांब, फांद्या फुटलेले तंतू दिसू लागतात. नवख्या पेशंटला मी ते मुद्दाम दाखवतो; त्यानंतर ट्यूबचे समर्थन कोणी करत नाही.

बुरशीही आता पूर्वीची राहिलेली नाही. भारत आणि नेपाळच्या रुग्णांतल्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी 2020 साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' ही जात वेगळी काढली. 2023 साली तिचे पेशंट न्यूयॉर्कमध्येही सापडले. टर्बिनाफिन हे बुरशीनाशक ज्या एन्झाइमवर मारा करते, तेच तिच्यात अनेकदा बदललेले असते. मग इट्राकोनॅझोल द्यावे लागते. त्याच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या, ॲसिडिटीच्या गोळीसोबत नाही. कॅप्सूल उपाशीपोटी गिळून "औषध लागू पडत नाही" म्हणणारे बरेच भेटतात. हृदय कमकुवत असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगायला हवे. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटे लावायचे आणि कातडी साफ दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचे. खाज गेली की लोक थांबतात, तिथेच खेळ बिघडतो.

बाकी कारभार पावसाचा. खाणीवर दिवसभर पायात गमबूट, दोरीवर चार दिवस दमट राहिलेली जीन्स, कमरेला भिजलेला करगोटा. करगोट्याखालचा पट्टा तर इतका नेमका असतो की दोरीने आखल्यासारखा. करगोटा काढा म्हटले की आयांचा चेहरा पडतो. किमान बदला तरी, अशी मी तडजोड करतो. कपडे गरम पाण्यात धुवावेत, शिवणीवरून इस्त्री फिरवावी, टॉवेल ज्याचा त्याचा. टाकळ्याचा पाला चोळून येणाऱ्यांना मी रागावत नाही, पण त्याची भाजी करून खाल्लेली बरी.

चवथीला मूळ घरी सगळे जमतात, एकाच चटईवर झोपतात, हाताला येईल तो टॉवेल घेतात. पंधरवड्याने सबंध कुटुंब दवाखान्यात येते. येत नाहीत ते फक्त आजोबा. "माका काय जावंक ना," असा त्यांचा निरोप असतो. बोलावून कंबर पाहिली की घरातला सगळ्यात जुना चट्टा बहुधा त्यांचाच निघतो.