मकबऱ्यातला माळी

बीबी का मकबरा मी चौथ्यांदा पाहत होतो. या वेळी मात्र घुमटाकडे पाठ करून बसलो. दिलरस बानूची कबर, आझमशहानं आईसाठी केलेला खर्च, ताजमहालाशी तुलना हे सगळं गाईडच्या तोंडून ऐकून झालं होतं. मला हवी होती बाग. येताना रिक्षावाल्या चाचांना विचारलं, "मौलवी अब्दुल हक इथं कुठं राहायचे?" ते म्हणाले, "कौन से मोहल्ले के?"

हापूडकडचे हे मौलवीसाहेब निजामाच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे ते १९१२ मध्ये चिटणीस झाले आणि संस्थेचं दप्तरही त्यांच्यापाठोपाठ औरंगाबादेत आलं. मग वीस-पंचवीस वर्षं दिल्ली-लखनौच्या नाकावर टिच्चून उर्दूचं संशोधन या गावातून चाललं. १९२१ मध्ये 'उर्दू' त्रैमासिक निघालं, दखनी हस्तलिखितं धूळ झटकून छापली गेली, १९२७ मध्ये जुन्या दखनी कवी वलीचं समग्र काव्य आलं. मला मौज वाटते ती १९३३ च्या पुस्तकाची. मराठीवर फारसीचा प्रभाव किती, याचा हिशेब अब्दुल हकांनी त्यात मांडला. चिटणीस, दप्तर, हिशेब, बाग: मीही मघापासून त्याच खात्यातून उचल करतोय.

त्यांचं बिऱ्हाड या मकबऱ्याच्या आवारातच होतं आणि बागेची देखरेखही त्यांच्याकडे. लिहिता लिहिता मान वर केली की समोर नामदेव माळी दिसे. अस्पृश्य ठरवलेल्या जातीतला, निपुत्रिक माणूस. रोपाचं आळं साफ करायचं, पाणी भरायचं, मग दोन पावलं मागं सरून रोपाकडे बघत स्वतःशीच हसायचं. दुष्काळात तो रात्री घागरींनी गढूळ पाणी आणून झाडं जगवी. बक्षीस देऊ केलं तर घेईना. पोटच्या पोरांना वाढवल्याचं कुणी बक्षीस घेतं का, हा त्याचा सवाल. पुढं मधमाश्यांचं मोहोळ उठलं, बाकीचे पळाले, हा कामातच राहिला आणि गेला.

अंजुमन दिल्लीला गेली, फाळणीनंतर मौलवीसाहेब पाकिस्तानात. १९६१ मध्ये ते कराचीत वारले. त्यांनी लिहिलेला नामदेव मात्र उर्दूच्या पाठ्यपुस्तकांत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पोचला.

उठलो तेव्हा एका रोपाचं आळं फुटून पाणी फरशीवर आलं होतं. चपलेनं माती लोटून ते बुजवायला गेलो, तर पहारेकऱ्यानं शिट्टी मारली.