गोष्टीतला काळा मुलगा

बारा-तेरा वर्षांचं वय मोठं विचित्र. परीकथा सुटलेली असते आणि मोठ्यांची कादंबरी अजून हाती आलेली नसते. या वयात मुली आरशासमोर जरा जास्त वेळ उभ्या राहतात आणि घरातल्या बायका भाजी निवडता निवडता काय बोलतात ते सगळं मनात साठवून ठेवतात. माझी नात सातवीत आहे. रंगाने सावळी; खरं सांगायचं तर काळीच. घरी कुणी पाहुणी आली की तिचं वाक्य ठरलेलं असतं, "पण नाकीडोळी छान आहे हो." त्या 'पण'मध्ये सगळं आलं. मग चहाबरोबर बेसन-हळदीचे सल्ले सुरू होतात. नात बशीतला चिवडा निवडत बसते, मान वर करत नाही.

म्हणून ती काय वाचते याकडे माझं लक्ष असतं. माझं माहेर जळगावचं, सासर बुऱ्हाणपूरचं. त्यामुळे इथे मध्य प्रदेशात राहूनही घरात मराठी टिकली आणि कपाटात मराठी पुस्तकंही राहिली. त्यातलं वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' मी तिला सुट्टीत वाचून दाखवलं. १९८१ साली आलेलं हे पुस्तक आपल्यापैकी कितीतरी जणींनी वाचलं असेल. गुलाम आईचं पोर. लुटारूंनी आईसकट पळवलेलं. आई पुन्हा कधी सापडली नाही. बाळ तेवढं परत आलं, तेही एका घोड्याच्या बदल्यात. तोच जॉर्ज पुढे शिकला, १८९६ मध्ये टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला गेला आणि कपाशीने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग लावा, रताळी लावा म्हणून गरीब शेतकऱ्यांना सांगत राहिला. आमच्याकडे कपाशी पिकते, त्यामुळे 'भुईमुगाचा बेवड चांगला' हे नातीला समजावून सांगावं लागलं नाही.

पुस्तक संपलं तशी ती म्हणाली, "आजी, कार्व्हर एवढा मोठा झाला म्हणून त्याचं पुस्तक निघालं. जो मोठा होणार नाही त्याचं काय?"

बायांनो, हा प्रश्न मला फार लागला. आपण काळ्या मुलाला गोष्टीत घेतो, पण आधी त्याने काहीतरी करून दाखवायचं. गोऱ्या मुलाला ही अट नसते. तो नुसता खोड्या करतो, तरी त्याच्यावर पुस्तक होतं.

तिच्या मामाने मग अमेरिकेतल्या काळ्या मुलांवरची दोन पुस्तकं मागवून दिली. ती इंग्रजीतून वाचायची आणि संध्याकाळी मला मराठीत सांगायची. पहिलं मिल्ड्रेड टेलर यांचं 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय', १९७६ सालचं. गोष्ट मिसिसिपीतली, १९३० च्या दशकातली. काळ्या मुलांच्या शाळेत गोऱ्यांच्या शाळेतून टाकून दिलेली, मळकी, फाटकी पुस्तकं येतात. कॅसीचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ मोठा टापटिपीचा. तो पुस्तक उघडतो, तर आत तक्ता. पुस्तक कोणत्या साली कुणाला दिलं, त्याची हालत कशी होती, विद्यार्थी कोणत्या वंशाचा. पुस्तक पार खराब झाल्यावरच काळ्या मुलाचा रकाना येतो. पोरगं ते पुस्तक जमिनीवर आपटून पायाखाली तुडवतं आणि मार खातं. त्यांची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती मुलांना रागावत नाही. कागद कापते आणि तो तक्ता चिकटवून झाकून टाकते.

दुसरं जेरी क्राफ्ट यांचं 'न्यू किड', चित्रांतून सांगितलेली आजची गोष्ट. सातवीतला जॉर्डन मोठ्या खासगी शाळेत जातो. तिथे एक बाई एका काळ्या मुलाला सारखी दुसऱ्याच काळ्या मुलाच्या नावाने हाक मारते. जॉर्डन काही शोध लावत नाही. चित्रं काढतो, मित्र जोडतो. नात हसून हसून सांगत होती आणि मध्येच गप्प झाली. म्हणाली, "गॅदरिंगच्या नाचात मला नेहमी मागच्या रांगेत ठेवतात." याआधी हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आणखी एक प्रश्न आला. पाठशाळेत लेश्यावृक्षाचं चित्र आहे, सहा माणसांचं. काळा म्हणतो झाड मुळापासून तोडा, पांढरा खाली पडलेली फळं वेचतो. "मग मी कुठली?" तिने विचारलं. मी सांगितलं, अंगाचा वर्ण ती द्रव्यलेश्या, मनाचे भाव ती भावलेश्या. एकीवरून दुसरी ओळखता येत नाही. मुनिसुव्रतनाथ आणि नेमिनाथ भगवान श्याम वर्णाचे. त्यांच्यापुढे आपण रोज हात जोडतो आणि घरी येऊन बायोडेटात 'गोरी' लिहितो!

आपल्या बुऱ्हाणपुराला तर काळा मुलगा मुळीच परका नाही. इथिओपियातलं एक पोर लहानपणी विकलं गेलं, हातोहाती फिरत अहमदनगरला आलं आणि निजामशाहीचा वजीर झालं. तो मलिक अंबर. १६२० च्या सुमाराला त्याच्या फौजांनी आपल्या याच शहराला वेढा घातला होता. जहांगीर बादशहाने आठवणी लिहिताना त्याच्या काळ्या रंगावरूनच त्याला शिव्या दिल्या. पण आपल्या कुंडी भंडाऱ्यासारखं जमिनीखालून पाणी त्यानेही खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, खेळवलं. कुंडी भंडारा बघायला मुलं सहलीला जातात, तेव्हा हीही गोष्ट त्यांना सांगावी.

पण फक्त वजिराची आणि शास्त्रज्ञाची सांगून भागणार नाही. पर्युषणानंतर पाठशाळेच्या मुलांना आपण स्टीलचे डबे वाटतो. यंदा माझ्याकडून पुस्तकं असतील, दोन-दोन. एक मोठ्या झालेल्या माणसाचं आणि एक नुसतंच सातवीत असलेल्या पोराचं. दुसरं निवडायचं काम मी नातीवर सोपवलं आहे. तिची यादी माझ्यापेक्षा लांब आहे.