आईची लूना आणि आपला वारसा

घरातल्या जुन्या वस्तूचे करायचे काय, हा प्रश्न प्रत्येक कष्टकरी घरात कधी ना कधी येतोच. खोल्या दोन, माणसे सात. जे चालत नाही ते भंगारात, असा सरळ हिशेब असतो. आम्हा तिघा भावंडांपुढे हा प्रश्न आला तो आईच्या लूनामुळे. बारा वर्षे ती जिन्याखाली उभी होती. टायर बसलेले, टाकी गंजलेली. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला. आईला विचारले, तर ती म्हणाली, "विकायची तर विका, पण चालती करून विका. मेलेली म्हणून ती या घरातून जायला नको."

आईच्या या एका वाक्याने आम्हाला कामाला लावले.

आजच्या मुलांना लूना म्हणजे काय हे सांगावे लागते. 1972 साली कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने ही गाडी बाजारात आणली. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, तिचा कारखाना होता. मूळ नमुना इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या गाडीचा. पन्नास सीसीचे इंजिन, सायकलसारखे पायडल, गिअर नाही. त्याआधी तिरुपतीची 'सुवेगा' होती. पुढे 1980 मध्ये 'टीव्हीएस 50' आली. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा दिवसांत सायकलवरच्या कामगाराला परवडेल असे इंजिनाचे वाहन मिळाले, ते मोपेडच्या रूपाने. पेट्रोल संपले तर पायडल मारत घर गाठता येई.

आमच्या आईने लूना घेतली 1986 साली, भिशीच्या पैशातून. ती दवाखान्यात आया होती. पहिली पाळी सकाळी सहाची, आणि तेवढ्या पहाटे बस मिळण्याची खात्री नसे. मधे दांडी नसल्याने नऊवारी असो की पाचवारी, साडी नेसून बसता येई. सुरुवातीला वस्तीतले लोक वळून बघत. पुढे त्याच वस्तीतल्या बाळंतिणी आईच्या मागे बसून दवाखान्यात जाऊ लागल्या. 14 एप्रिलच्या वर्गणीची पेटी, विहारातल्या खिरीचे पातेले, आमची दप्तरे, सारे काही त्या लूनावरून गेले.

आपल्या समाजाला वाहनाचे मोल वेगळे सांगायला नको. 1901 साली बाल भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले, तेव्हा मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवान त्यांना नेईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यावे लागले, आणि बैलही मुलांनीच हाकायचे, असे ठरले. 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्याने बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या माणसाला टांगा हाकण्याची सवय नव्हती. तरी त्याने लगाम धरला, आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहेत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना भाडे देऊनही गाडी मिळत नव्हती, त्यांच्या लेकीसुनेने स्वतःच्या गाडीचा हँडल स्वतःच्या हाती धरला. ही साधी गोष्ट नाही.

म्हणून आम्ही दुरुस्ती हाती घेतली. त्यासाठी दोन नियम केले. कर्ज काढायचे नाही आणि मुलांच्या फीच्या पैशाला हात लावायचा नाही. तिघांनी महिन्याला थोडेथोडे बाजूला काढले. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात शोधले. लूनाचे उत्पादन केव्हाच बंद झाले आहे. तरी जुन्या मिस्त्र्यांकडे डब्यात काही ना काही निघतेच. 2024 साली 'ई-लूना' या नावाने विजेवर चालणारी गाडी आली, पण तिचा एकही भाग या इंजिनाच्या उपयोगाचा नाही.

आमचे मिस्त्री वयाने सत्तरीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "गाडी चालत नाही असे म्हणू नका. का चालत नाही ते विचारा." प्लगला ठिणगी आहे का? नसेल तर पॉइंट घासलेत का, कंडेन्सर गेला का, कॉइल तुटली का? ठिणगी आहे, मग पेट्रोल पोहोचते का? कार्बोरेटरचा जेट हवेच्या दाबाने साफ करायचा. त्यात जाड तार घातली तर भोक मोठे होते. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही असूनही गाडी सुरू होत नसेल, तर क्रँकची ऑइल सील कडक होऊन हवा घेत असते. आमच्या लूनाचे तेच निघाले. सायलेन्सरमध्ये कार्बन दाटला होता, म्हणून गाडी सुरू होऊनही ओढत नव्हती. टाकीत रॉकेल आणि मूठभर बारीक खडी घालून ती हलवली, तेव्हा तांबडा गाळ बाहेर आला.

याचमुळे होते, हे नसेल तर होत नाही. तथागतांनी सांगितलेला कार्यकारणभाव आम्ही विहारात ऐकला होता, तो इथे हातांना काळे लावून शिकलो. पुष्कळ जण दसऱ्याला गाडीला हार घालतात, लिंबू-मिरची बांधतात. आपला तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. त्या दिवशी आम्ही गाडीची चेन काढून धुतो, ब्रेक तपासतो, केबलला तेल सोडतो. लिंबाने ब्रेक लागत नाही.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल त्या मॉडेलला सांगितलेल्या प्रमाणातच घालावे. कमी पडले तर पिस्टन जाम होतो, जास्त झाले तर धूर आणि कार्बन. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे. ॲल्युमिनियमच्या भागाला कॉस्टिक सोडा कधीही लावू नये.

कागदांकडे दुर्लक्ष नको. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना 31 भरावा लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करण्यासाठी नमुना 25. भंगारात दिली तरी नोंदणी रद्द करून घ्यावी, नाहीतर गाडी कुणाच्या हाती जाईल आणि नाव आपले राहील. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. तो मान 1972 च्या लूनाला मिळू शकतो, आमच्या लूनाला 2036 पर्यंत थांबावे लागेल. पण बाजारहाट करणाऱ्या माणसाला साधी नोंदणीच बरी.

रंग आम्ही दिला नाही. डाव्या बाजूला आईच्या डब्याच्या पिशवीने घासलेली जागा आहे, ती तशीच ठेवली. खर्च साडेसात हजारांच्या आत बसला. एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी दुप्पट पैसे देऊ केले. आईने सरळ विचारले, "ती तिथे चालेल का?" तो म्हणाला, "नाही, भिंतीला टांगू." आई हसली आणि आत गेली. सौदा तिथेच संपला.

वारसा म्हटला की आपल्याला राजांच्या तलवारी आणि धनिकांच्या मोटारी आठवतात. कष्टकऱ्याचा वारसा जिन्याखाली, माळ्यावर, गोणपाटाखाली पडलेला असतो. सगळेच जपता येणार नाही, आणि सगळे जपण्याची गरजही नाही. पण फेकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवून विचारा, ही वस्तू कधी घेतली, पैसे कुठून आणले, हिच्यावरून कोण कुठे गेले. ते वहीत लिहून ठेवा. वस्तू गेली तरी ती वही राहील. आणि वस्तू चालती होण्यासारखी असेल, तर मुलांच्या हातात पाना द्या. त्यांना कारण शोधायला शिकवा.

जय भीम!