मुद्दल आणि व्याज

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला होता. वाशीम जिल्ह्याच्या काळ्या रानांतून गढूळ पाण्याचे लोट ओढ्याला मिळत होते, आणि उन्हाळाभर कोरडा पडलेला तो ओढा तलावाकडे खळाळत धावत होता. त्याच प्रवाहाच्या उलट दिशेने मासे वर चढत होते. एका वृद्ध भोयाचा बारा वर्षांचा नातू बांबूची टोपली घेऊन उथळ पाण्यात उभा होता. पाहता पाहता त्याने वीतभर लांबीची एक मासोळी धरली आणि मोठ्या आनंदाने ती काठावरील आजोबांना दाखविली.

आबाजींनी ती ओंजळीत घेतली. तिचे पोट टम्म फुगले होते. "पोरा, ही एकटी नव्हे," ते म्हणाले, "हिच्या पोटात हजारो अंडी आहेत. ती घालण्यासाठीच ही चढणीला लागली आहे." आणि त्यांनी तिला पुन्हा पाण्यात सोडून दिले.

मुलाचा चेहरा उतरला. "आबाजी, तुम्ही सोडली, तरी पुढच्या वळणावर दुसरा कोणी तिला धरणारच! मग आपणच का रिकाम्या हाताने जायचे?"

प्रश्न खोटा नव्हता. आबाजी क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी 1972 च्या दुष्काळाची हकीकत सांगितली. त्या वेळी ते सोळा-सतरा वर्षांचे होते. पैनगंगेचे पात्र आटले होते आणि उरलेसुरले मासे एका डोहात गोळा झाले होते. "पोटात भूक होती. जो तो म्हणे, मी नाही धरला तर दुसरा धरील. मीही तेच म्हणत होतो. चार दिवसांत डोह रिकामा झाला. पुढे नदीला पूर आला; पण त्या पुरात चढायला मासेच उरले नव्हते. कितीतरी दिवस आमची जाळी कोरडीच घरी परतली."

सावकाराच्या व्यवहारात मुद्दल आणि व्याज असे दोन भाग असतात. व्याजावर घर चालविले, तर मुद्दल कायम राहते. मुद्दलालाच हात घातला, तर व्याजही आटते. पाण्यातील मासे हे असेच मुद्दल होय, आणि दरवर्षी वाढणारी पिले हे त्याचे व्याज. जाणती मादी लक्षावधी अंडी घालते. परंतु त्यांतील बहुतेक अंडी व पिले इतर जीवांच्या मुखी पडतात आणि फारच थोडी मोठी होतात. मोठे मासे फार कमी उरले, तर अंडी घालणार कोण? उलट, तळ्यात माशांची दाटी झाली, तर अन्न पुरत नाही आणि ते खुरटे राहतात. म्हणून मासे मुळीच धरू नयेत असे नव्हे. किती धरावेत आणि केव्हा धरावेत, हे जाणले पाहिजे.

कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून हे तिघे एकाच तळ्यात सुखाने नांदतात. मात्र साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून अशा जातींच्या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. आज अनेक तलावांत बाहेरून आणलेली बोटुकली सोडली जाते, ती याच शोधाच्या बळावर. परंतु बोटाएवढी पिले बारीक आसाच्या जाळ्यात अडकून लगेच बाहेर येऊ लागली, तर ती सोडून काय उपयोग?

माशांच्या नाशाबरोबर इतर जीवही संकटात येतात. गोड्या पाण्यातील शिंपल्यांची पिले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासे गेले, की शिंपल्यांचा वंशही खुंटतो.

जे डोहात घडते, तेच महासागरातही घडते. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे कॉड मासा विपुल मिळत असे. यंत्रांनी तो इतका उपसला, की 1992 मध्ये तेथील मासेमारी बंद करावी लागली व हजारो लोकांचा रोजगार बुडाला. तीन दशके उलटली, तरी पूर्वीचे वैभव परतलेले नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यासाठीच 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. आणि 2023 मध्ये शासनाने पापलेट, सुरमई आदी 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली.

"मग दुसऱ्याने धरला तर?" नातवाचा प्रश्न अजून तसाच होता.

"एकट्याने सोडून भागत नाही, हे खरेच," आबाजी म्हणाले. "सर्वांनी मिळून सोडायचे असते. त्या दुष्काळात आम्ही एकमेकांशी बोललोच नाही, तेथेच चुकलो. जा, त्या पोरांशी बोल."

मुलगा टोपली काखेत मारून वळणाकडे गेला. तेथे चार मुले मासे धरीत होती. बराच वेळ वाद झाला. दोघांनी टोपल्या उलट्या केल्या. दोघांनी मात्र मान हलविली. मुलगा हिरमुसून परतला.

"दोघांनीच ऐकले, आबाजी."

"सकाळी तूही ऐकत नव्हतास," आबाजी हसून म्हणाले. "उद्या पुन्हा जाऊ."

सायंकाळ झाली. गढूळ पाण्यात शेपट्यांचे फटकारे ऐकू येत होते. मासोळ्या चढणीला लागल्या होत्या.