धरावं कुठे, सोडावं कुठे

मला इंग्रजी शिकवणाऱ्या सरांचं ऋण आठवलं की 'पर्टिनेशस' हा शब्द आठवतो. तो पाठ्यपुस्तकात नव्हता. सर जुन्या वह्यांची कोरी पानं कापून चिठ्ठ्या करायचे आणि एकेका चिठ्ठीवर एकेका शब्दाचं कूळ मांडायचे. या चिठ्ठीवर बारीक, उभ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'लॅटिन टेनॅक्स, म्हणजे धरून ठेवणारा. मागे पेर लागला की शेवटपर्यंत न सोडणारा.' खाली लाल पेन्सिलीने दोन रकाने होते. एकात 'चिवट', दुसऱ्यात 'हेकेखोर'.

एकाच शब्दाच्या वाट्याला मान आणि दूषण दोन्ही कशी आली, हे सर इतिहासातून उलगडायचे. इ.स. १९३ मध्ये पर्टिनॅक्स नावाचा सम्राट रोमच्या गादीवर आला. तो गुलामीतून सुटलेल्या माणसाचा मुलगा. सैन्यात जाण्याआधी व्याकरण शिकवायचा. बापाने आपला धंदा नेटाने चालवला म्हणून मुलाला हे नाव मिळालं, अशी जुनी हकीकत आहे. मोकाट सुटलेल्या अंगरक्षक दलाला त्याने शिस्त लावायला घेतली आणि तीन महिन्यांच्या आत त्याच दलातल्या सैनिकांनी त्याला ठार मारलं.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात मात्र हा शब्द दोषांच्या यादीत गेला. १३ व्या शतकात थॉमस अक्वायनसने चिकाटीच्या दोन अंगांना दोन दोष मांडले. एकीकडे लगेच हातपाय गाळणारा मऊपणा, दुसरीकडे नको तितकं धरून बसणारी 'पर्टिनासिया'. चर्चच्या कायद्यातही नुसती चूक म्हणजे पाखंड नव्हे. समजावूनही ती सोडली नाही, तरच पाखंड. आजच्या इंग्रजीत संशोधकाला पर्टिनेशस म्हटलं तर कौतुक होतं, दारातून न हलणाऱ्या विक्रेत्याला म्हटलं तर वैताग.

दहावीनंतर तात्यांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं, तेव्हा सर दर रविवारी आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. तात्या म्हणायचे, "सर, चहा घ्या, पण तो विषय नको." सर चहा घ्यायचे, पिकापाण्याचं बोलायचे आणि उठताना म्हणायचे, "तात्या, पोरीचा फॉर्म भरायचा राहिलाय." आवाज कधी चढला नाही, रविवार कधी चुकला नाही. शेवटी फी भरायला तात्या स्वतः तालुक्याला गेले.

पुढे बी.ए.ला मी इंग्रजी घ्यावं, ही सरांची मनापासूनची इच्छा. मी मराठी घ्यायचं म्हणाले. त्यांनी कारणं विचारली, मध्ये न बोलता ऐकून घेतली आणि म्हणाले, "मग मराठीच घे. पण जीव ओतून कर."

तात्यांपुढे ते हटले नाहीत, कारण तिथे माझं शिक्षण पणाला लागलं होतं. माझ्यापुढे हटले, कारण तिथे फक्त त्यांची हौस होती. अक्वायनसने आखलेली रेषा मी ग्रंथात फार उशिरा वाचली. त्याआधी ती आमच्या ओट्यावर पाहिली होती.

आता मी भाषांतरं करते. एखाद्या वाक्यावरून संपादकांशी वाद झाला की आधी स्वतःला विचारते, हे वाक्याच्या भल्यासाठी की माझ्या हौसेसाठी? वाक्याच्या भल्यासाठी असेल, तर मागे हटत नाही. ती हिंमत सरांनी दिलेली आहे आणि तो प्रश्नही त्यांचाच.