हरण्याचा खेळ

घोडनदीकाठच्या आमच्या शिरुरात आमच्या भाच्याच्या बुद्धीची कीर्ती त्याच्या वयाहून मोठी आहे. त्याच्या दहाव्या वाढदिवसास हातात मावणारा व्हिडिओ गेम घ्यावयाचे ठरताच आम्ही प्राध्यापकी बाण्यास स्मरून गणिती कोड्यांचा खेळ निवडला. चिरंजीवांनी तो दोन दिवसांत संपवला व ‘टेट्रिस’ मागितला. १९८४ साली मॉस्कोत जन्मलेल्या आणि १९८९ साली ‘गेम बॉय’बरोबर देशोदेशी पोहोचलेल्या या खेळात सात आकारांचे तुकडे वरून पडतात, वेग वाढत जातो, आणि अखेर ढीग माथ्यास भिडून खेळणारा हरतो.

“यात काय शिकशील?” आम्ही विचारले.

“मामा, इथं हरलो तरी कुणाला वाईट वाटत नाही.”

त्याच्या यशाचा डांगोरा गावभर पिटणारे आम्हीच, हे तेव्हा ध्यानी आले. खेळ त्याच दिवशी घेतला.